पे पर क्लिक जाहिराती: दीड वर्ष पैसे भरून झाल्यावरचा माझा रिव्ह्यू

आमची शिलाई मशीनचे सुटे भाग विकणारी आणि मशीन दुरुस्त करून देणारी छोटीशी वेबसाइट आहे. दादा मशीनं खोलतो, मी वेबसाइट, फोन, पार्सल असं बाकीचं सगळं बघते. गेलं दीड वर्ष आम्ही गूगल सर्चवर जाहिरात करतोय, म्हणजे लोक काही शोधतात तेव्हा वरती 'प्रायोजित' असं लिहून जे रिझल्ट येतात ना ते, आणि कोणी क्लिक केलं तरच आपले पैसे कापले जातात. याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक विकणाऱ्यांनीच लिहिलेलं असतं, म्हणून म्हटलं पैसे भरणाऱ्या बाजूनं एकदा नीट लिहावं.

आधीच सांगते, मी याला ५ पैकी ४ देते. आणि पहिल्या चार महिन्यांनंतर विचारलं असतं तर १ पण दिला नसता.

ते चार महिने आम्ही सगळं एका एजन्सीकडे दिलं होतं, नाव लिहीत नाही. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट यायचा, क्लिक वाढले, इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली) वाढली, कन्व्हर्जन (क्लिकनंतर आपल्याला हवं ते झालं, फोन, ऑर्डर वगैरे) वाढली. फोन मात्र वाढत नव्हते. दादा म्हणायचा अगं रिपोर्टमध्ये ६१ कन्व्हर्जन आहेत तर माणसं कुठायत? मी फोनशेजारी एक वही ठेवली आणि प्रत्येकाला विचारायला लागले, आमचा नंबर कुठून मिळाला. महिनाभरात जाहिरात बघून फोन करणारे निघाले ७. मग खोदून विचारल्यावर कळलं की 'संपर्क' हे पान नुसतं उघडलं तरी ते कन्व्हर्जन म्हणून मोजत होते. फोन केला का, फॉर्म भरला का, ऑर्डर दिली का, यातलं काहीच मोजलं जात नव्हतं.

आता कोणी म्हणेल चुकीचा आकडा रिपोर्टात आला एवढंच ना. तेवढंच नाही. आजकाल बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती द्यायचे तो आकडा, बहुतेक ऑटोमॅटिक लावतात, सिस्टमला सांगायचं की मला कन्व्हर्जन जास्त आणून दे आणि मग ती शिकत जाते कोणासाठी जास्त बोली लावायची. तिला तुम्ही जे कन्व्हर्जन म्हणून दाखवाल त्याच्याच मागे ती पळणार. आमच्या खात्यात ती चार महिने संपर्क पान उघडणाऱ्यांच्या मागे पळत होती, आणि संपर्क पान सगळ्यात जास्त कोण उघडतं तर नोकरी मागणारे आणि आपल्याला काहीतरी विकायला बघणारे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशातली गत होती नुसती.

त्यानंतर मी खातं स्वतः चालवायला घ्यायचं ठरवलं, तर कळलं की खातं त्यांच्या लॉगिनवर काढलंय आणि ते द्यायला तयार नाहीत. चार महिन्यांचा सगळा डेटा गेला, परत शून्यापासून. म्हणून कोणालाही काम द्या पण खातं आपल्या ईमेलवर, आपल्या पेमेंटवर काढा आणि त्यांना फक्त ॲक्सेस द्या, काम बंद केलं की ॲक्सेस काढून घेता येतो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

बरं आता मूळ गोष्टीकडे. ही कल्पना किती साधी आणि चांगली आहे ते मला नवीन खातं उघडून शिकायला बसले तेव्हा कळलं. १९९८ साली गोटू डॉट कॉम नावाच्या सर्च इंजिननं हे सुरू केलं, बिल ग्रॉस म्हणून माणूस होता त्याच्यामागे, शब्दावर बोली लावा, जास्त बोली त्याची जाहिरात वर. तेच पुढे ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूनं विकत घेतलं. गूगलनं ॲडवर्ड्स २००० साली आणलं, तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली त्यावर पैसे असायचे, क्लिकवर पैसे आणि बोली हे २००२ मध्ये आलं, आणि त्यात त्यांनी एक मोठी भर घातली की नुसती बोली नाही तर लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात तेही धरायचं. २०१८ मध्ये त्याचं नाव गूगल ॲड्स झालं.

ही भर आमच्यासारख्यांच्या फार कामाची आहे. समजायला सोपं म्हणून असं धरा, एका मोठ्या विक्रेत्यानं बोली लावली १० ची पण त्याची जाहिरात आणि पान त्या शब्दाला फारसं जुळत नाही, दर्जा ३, गुणाकार ३०. तुम्ही बोली लावली ६ ची पण दर्जा ७, गुणाकार ४२. वर तुम्ही. आणि पैसे ६ पण पूर्ण जात नाहीत, खालच्याला मागे टाकायला लागतात तेवढेच जातात, म्हणजे ३० भागिले ७, साधारण सव्वाचार. खरा हिशेब यापेक्षा बराच किचकट आहे, शोधणारा कुठे आहे, मोबाइलवर आहे का कॉम्प्युटरवर, असं बरंच काही त्यात येतं, पण मुद्दा हाच की नीट काम करणाऱ्या लहान माणसाला इथे खरोखर जागा आहे. मला हे फार आवडलं, पेपरातल्या जाहिरातीत असं काही नसतं, तिथे ज्याच्याकडे पैसा त्याचं पूर्ण पान.

दर्जा वाढवायला मी काय केलं तर आधी सगळ्या जाहिराती होमपेजवर नेत होत्या त्या बंद केल्या. बॉबिन केस शोधणारा माणूस होमपेजवर आला की तिथे मोटर, बेल्ट, पायडल, सुया सगळं, तो कशाला शोधत बसतोय, परत मागे जातो आणि आपले पैसे तर गेलेले असतात. मग बॉबिन केसचं वेगळं पान केलं, दादानं सहा-सात प्रकारच्या केस एका कापडावर ओळीत मांडल्या, खाच कुठल्या बाजूला आहे ते दिसेल असे जवळून फोटो काढले, खाली लिहिलं कुठली कुठल्या मशीनला बसते. जाहिरातीतही तेच शब्द. खात्यात प्रत्येक शब्दाला १ ते १० असा क्वालिटी स्कोअर दिसतो, त्या शब्दाचा आमचा ४ होता तो ८ झाला आणि क्लिकचा खर्चही खाली आला. लोक परत मागे जायचे पण कमी झाले.

पण माझ्या मते या सगळ्या प्रकारात सोनं कुठे असेल तर सर्च टर्म्सच्या रिपोर्टमध्ये. कीवर्ड म्हणजे आपण दिलेला शब्द, आणि सर्च टर्म म्हणजे माणसानं प्रत्यक्षात काय टाइप केलं ते. हे दोन वेगळे आहेत हेच मला माहीत नव्हतं. ब्रॉड मॅच हा प्रकार आपोआप लागलेला असतो, त्यात तुमच्या शब्दाशी संबंधित वाटेल अशा कशावरही जाहिरात दिसू शकते. एजन्सीनं सगळे शब्द तसेच ठेवले होते. त्यांच्याकडे हट्ट करून मी रिपोर्ट मागवला तो अजून माझ्याकडे आहे. 'शटल' हा आमच्याकडे मशीनचा भाग, धाग्याला फास घालतो तो. त्यावर क्लिक कोणाचे होते तर बॅडमिंटनचं शटल हवं असणाऱ्यांचे आणि शटल बसचं टायमिंग शोधणाऱ्यांचे! 'बेल्ट'वर पँटीचे पट्टे. 'शिलाई मशीन'वर फुकट शिलाई मशीन, शिलाई मशीन चित्र, शिलाई मशीनवर घरबसल्या काम, शिलाई क्लास. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीसमोर गेलेली रक्कम. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, कारण त्या पैशात दादाला हवं असलेलं टेस्टिंगचं सामान आलं असतं.

यावर औषध आहे आणि फुकट आहे, निगेटिव्ह कीवर्ड. फुकट, नोकरी, क्लास, चित्र, फोटो, बॅडमिंटन, बस असे शब्द टाकले की त्यावर जाहिरात दिसत नाही. एक लक्षात ठेवा की निगेटिव्हमध्ये समानार्थी शब्द आपोआप धरत नाहीत, 'फुकट' टाकलं म्हणून 'मोफत' थांबणार नाही, दोन्ही टाकायला लागतात, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी स्पेलिंग सगळ्यात टाकायला लागतात. मी दर सोमवारी सकाळी अर्धा तास बसते, नवीन टर्म्स वाचते, नको ते काढते. आता तीनशेच्या वर निगेटिव्ह आहेत. कीवर्ड ब्रॉडमधून काढून फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅच या जास्त काटेकोर प्रकारांत नेले. एक्झॅक्ट म्हणजेसुद्धा अगदी तोच शब्द असं राहिलेलं नाही, अर्थानं जवळचं असलं तरी चालतं, त्यामुळे सोमवार काही सुटत नाही.

सगळेच बिनकामाचे वाटणारे शब्द काढू नका मात्र. 'शिलाई मशीनचा धागा सारखा तुटतो' यावर बरेच क्लिक यायचे आणि ऑर्डर शून्य, मी काढायला निघाले होते. दादा म्हणाला थांब, यातल्या निम्म्या लोकांची सुई उलटी बसवलेली नाहीतर वाकलेली असणार, त्यांना ते सांग. मग जाहिरात बंद केली पण त्या विषयावर एक साधं पान लिहिलं, सुई कशी बघायची, धागा परत कसा ओवायचा, धाग्याचं टेन्शन (ताण) कसं सैल करायचं. आता ते पान जाहिरातीशिवायच लोकांना सापडतं, आणि वाचून फोन करणाऱ्यांचा सूरच वेगळा असतो, ते आधीच विश्वासानं बोलतात.

सेटिंगमध्ये दोन-तीन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. लोकेशनमध्ये आपोआप असतं ते असं की तुमच्या भागात असलेले 'किंवा त्या भागात रस दाखवलेले' लोक, घरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला दुसऱ्या भागात बसून रस दाखवणाऱ्याचा काय उपयोग, ते बदलून फक्त प्रत्यक्ष असलेले लोक करा. सर्चची कॅम्पेन काढताना डिस्प्ले नेटवर्कची खूण आधीच केलेली असते, ती काढा, नाहीतर तुमची सर्चची जाहिरात इकडच्या तिकडच्या वेबसाइटवर आणि ॲपमध्ये फिरते. आणि रोजचं बजेट म्हणजे रोज तेवढंच असं नाही, एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पटपर्यंत जाऊ शकतं, महिन्याला मात्र रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटीवर जात नाही. तंगीत असताना पहिल्यांदा असं बघितलं की पोटात गोळा येतो म्हणून सांगितलं.

'रिकमेंडेशन्स' म्हणून एक टॅब आहे, त्यात टक्के दाखवतात आणि १०० करायची फार इच्छा होते. त्या टक्क्यांचा जाहिरात वर दिसण्याशी संबंध नाही. सूचना एकेक वाचा, पटेल ती घ्या, आपोआप लागू व्हायचं बटण बंद ठेवा. बजेट वाढवा ही सूचना तर सारखी येत राहते.

वेळेचंही बघा. रात्री अकराला क्लिक व्हायचे, फोन वाजायचा, आम्ही उचलणार नाही, माणूस पुढच्याला फोन लावणार. जाहिराती आता फोनजवळ कोणी असेल तेवढ्याच वेळात चालतात. आणि स्वतःचीच जाहिरात दिसते का हे बघायला सारखं सर्च करू नका, दिसते पण तुम्ही क्लिक करत नाही म्हणजे क्लिकचं प्रमाण खाली येतं, त्यासाठी खात्यातच प्रीव्ह्यूचं टूल आहे ते वापरा.

परवडतं का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. घरीच कागदावर करता येतं. एका ऑर्डरमागे सगळं जाऊन हातात १०० उरतात असं धरा, आणि शंभर क्लिकमधले दोन जण ऑर्डर देतात. म्हणजे शंभर क्लिकवर मिळाले २००, एका क्लिकला २ गेले तर हाती शून्य, त्याच्यावर गेले तर नाकापेक्षा मोती जड. सुईच्या पाकिटासारख्या बारीक वस्तूंवर आम्हाला हे कधीच जमलं नाही, त्या जाहिराती बंद केल्या. मोटर, पूर्ण दुरुस्ती, जुन्या मशीनचे न मिळणारे भाग यावर मात्र चांगलं जमतं, कारण शोधणारा अडलेला असतो आणि त्याला आत्ता हवं असतं.

एक स्टार कापला तो कशासाठी तर पैसे थांबले की त्या दिवशी सगळं थांबतं, मागे काही उरत नाही. आणि शिकायला खरंच वेळ लागतो. पी हळद नि हो गोरी असं इथे होत नाही, निदान दोन-तीन महिने छोट्या बजेटवर, एकाच वस्तूवर, मोजमाप आधी नीट लावून करा. ज्याला आठवड्याला अर्धा तास द्यायला जमणार नाही त्यानं माझ्या मते यात पडूच नये.

या सोमवारी रिपोर्टमध्ये एक ओळ होती, 'आजीच्या हातमशीनचा लांब शटल मिळेल का'. एकच क्लिक, आणि त्याच्यापुढे एक फोन. वहीत बघितलं तर शुक्रवारची नोंद होती, त्या ताईंनी तीन ठिकाणी विचारलं होतं आणि सगळ्यांनी मशीन भंगारात द्या म्हणून सांगितलेलं. वेबसाइटवर तो भाग नव्हताच, दादानं माळ्यावरच्या एका मोडक्या मशीनमधून काढून, घासून, तेल लावून पाठवला. मी लांब शटलचा वेगळा ॲड ग्रुप (शब्द आणि त्यांच्या जाहिरातींचा गट) केलाय, फोटो काढायचे राहिलेत.