स्वतःचा सर्व्हर की भाड्याचं क्लाउड? आंबा संस्थेने संचालकांपुढे प्रस्ताव मांडण्याआधी

आंब्याच्या पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात जातात, विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या येतात, पण कुणाच्या किती पेट्यांची पट्टी अजून यायची आहे हे सांगायला हिशेबनिसाला तीन वह्या उघडाव्या लागतात. मग बैठकीत सॉफ्टवेअरचा विषय निघतो आणि पुढ्यात दोन कोटेशनं येतात. एक कार्यालयात बसवायच्या सर्व्हरचं, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणाऱ्या आपल्या संगणकाचं; दुसरं वर्षाला भाडं भरायच्या क्लाउडचं, म्हणजे नोंदी दुसऱ्याच्या संगणकांवर ठेवून नेटवरून वापरायच्या सोयीचं. दोन्ही किमती शेजारी लिहिल्या की प्रस्ताव झाला असं बरेच सचिव धरून चालतात. त्यात फायदा कुठून येणार आणि कधी येणार हे कुठेच नसतं, आणि निवड तर त्यावरच ठरते.

आधी तिसरा पर्याय लिहा: वही. आहे तसं चालू ठेवणं फुकट नसतं. गेल्या हंगामात पाठवलेल्या पेट्या आणि आलेल्या पट्ट्या एकदा ताडून बघा. किती पेट्यांचे पैसे आलेच नाहीत, कुणाला उचल दोनदा गेली, हे रुपयांत काढा. आठवडा जाईल, पण हा आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

फायदा धरताना हात आखडता ठेवा. हिशेबनिसाचे रोज दोन तास वाचतील, असं विक्रेता सांगतो. वाचतीलही, पण पगार तेवढाच राहणार असेल तर ते पैसे बँकेत कुठे दिसणार? हंगामापुरता घेतलेला जादा कारकून खरोखर कमी होणार असेल तरच ती रक्कम धरा. बागायतदाराला हिशेब वेळेवर मिळणं, निर्यातीसाठी कोणत्या बागेचा माल कोणत्या पेटीत गेला ते चटकन सांगता येणं, हे मोलाचं आहे. ते वेगळ्या परिच्छेदात लिहा, रुपयांत ओढूनताणून बसवू नका.

खर्चात करही धरा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर आणि यंत्रांवर भरलेल्या १८ टक्क्यांची वजावट देशातच आणि निव्वळ ताजा आंबा विकणाऱ्या संस्थेला मिळत नाही. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असतं, ते इथे महागात पडतं.

आता आकडे. हे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. दोन्हीकडे वर्षाला ३ लाखांचा फायदा धरला आहे.

| | सर्व्हर | क्लाउड |
|---|---|---|
| सुरुवातीचा खर्च | ६ लाख | १.५ लाख |
| दरवर्षीचा खर्च | ८० हजार | १.८ लाख |
| पैसे वसूल व्हायला | पावणेतीन वर्षं | सव्वा वर्ष |
| ५ वर्षांची साधी शिल्लक | ५ लाख | ४.५ लाख |
| आजच्या किमतीत, १० टक्के दराने | २.३४ लाख | ३.०५ लाख |

साध्या बेरजेत सर्व्हर पन्नास हजारांनी पुढे दिसतो. पण सर्व्हरचे पैसे आज जातात आणि फायदा पाच वर्षांत थोडाथोडा येतो. पुढे मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत (वर्षाला १० टक्के व्याज धरून) लावली की क्लाउड पुढे जातं. कर्ज काढून खरेदी करणार असाल तर १० टक्क्यांच्या जागी तुमच्या कर्जाचा दर घाला.

संचालकांना मात्र मी याच्या पुढचं गणित दाखवेन. आपला धंदा मार्च ते मे या तीन महिन्यांचा. सॉफ्टवेअर एप्रिलमध्ये सुरू झालं तर कुणीही पेट्यांच्या गर्दीत नवीन काही शिकणार नाही, म्हणजे पहिल्या वर्षाचा फायदा शून्य. तेवढा एक बदल केला की आजच्या किमतीत सर्व्हर ३९ हजारांनी तोट्यात जातो, क्लाउड ३२ हजारांनी फायद्यात राहतं. नाहीच जमलं तर क्लाउडचं भाडं थांबवता येतं, विकत घेतलेला सर्व्हर मात्र अंगावर पडतो.

किनाऱ्याचा धोकाही दोन्हीकडे सारखा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले तळमजले बुडाले. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात असेल तर दोन्ही एकदमच गेले. खाऱ्या, दमट हवेत यंत्रं लवकर गंजतात ते वेगळंच. क्लाउडमध्ये नोंदी सुरक्षित राहतात, पण नेट गेलं की काम अडतं, आणि तौक्ते वादळ मे २०२१ मध्ये ऐन हंगामात आलं होतं. म्हणून नेट नसतानाही पेट्यांची नोंद मोबाईलवर होईल आणि आपला सगळा डेटा कधीही एक्सेलमध्ये काढता येईल, या दोन अटी करारात लेखी घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर वरचं क्लाउडचं गणित त्याला लागू नाही.

माझी पसंती बहुतेक संस्थांसाठी क्लाउडला आहे. पल्पचा कारखाना, गोदाम आणि कार्यालय एकाच आवारात असेल, यंत्रांची निगा राखणारा पगारी माणूस असेल आणि जागा पुराच्या पातळीच्या वर असेल, तर सर्व्हर परवडतो.

काहीही निवडलं तरी ठराव गणपतीच्या आसपास व्हायला हवा. दिवाळीपर्यंत बागायतदारांची खाती भरून होतील, मोहोर धरेपर्यंत गेल्या हंगामाच्या पट्ट्या घालून चाचणी होईल, आणि मार्चची पहिली मोठी गाडी सुटेल तेव्हा हिशेबनिसाचा हात बसलेला असेल.