अर्धवट कंट्रोल पॅनेल विकताना पार्ट कसे बदलले जातात

घरी बिअर बनवण्यासाठी जोडायला घेतलेलं इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल अर्ध्यात सोडून विकायला काढलं, की गिऱ्हाइक बनून आलेल्या चोराच्या दृष्टीने फार सोयीचा माल तयार होतो. पूर्ण पॅनेल एकतर चालतं किंवा चालत नाही. अर्ध्या पॅनेलमध्ये नेमकं काय असायला हवं, हे फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतं. तक्रारीचा निकाल देणाऱ्याला माल जाताना वायरींचा गुंता दिसतो आणि माल परत येतानाही तसाच गुंता दिसतो.

खालचा व्यवहार याच फटीतून झाला. ४०० बाय ४०० बाय २०० मिमीची स्टीलची पेटी, दाराला स्विचची २२ मिमीची भोकं पाडलेली. दोन पीआयडी (तापमान बघून वीज किती सोडायची ते ठरवणारे कंट्रोलर), हीट सिंकवर (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवलेले ४० अँपिअरचे दोन एसएसआर (पीआयडीच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), दोन कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारे-तोडणारे, विजेवर चालणारे स्विच) आणि पीटी१०० प्रोब (तापमान मोजणारे सेन्सर). कंट्रोलचं वायरिंग झालेलं, पॉवरचं बाकी. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘९० टक्के काम पूर्ण, सगळे पार्ट सोबत’. पुढे हेच वाक्य नडलं. ९० टक्के कशाचे, हे कुणीच सिद्ध करू शकत नाही.

गिऱ्हाइकाने भावात घासाघीस केली नाही. आतले फोटो मात्र लेबलं वाचता येतील इतक्या जवळून मागितले. ज्याला खरंच बिअर बनवायची असते तो वेगळंच विचारतो. एलिमेंट (पाणी तापवणारा हीटर) किती वॉटचं धरलंय, दोन्ही एलिमेंट एकदम चालतात का, कॉन्टॅक्टरची कॉइल किती व्होल्टची, उकळी आल्यावर पीआयडी मॅन्युअलवर टाकून टक्केवारी देता येते का, पंपांचे स्विच किती. यातला एकही प्रश्न आला नाही.

माल पोचल्यावर तक्रार आली: एसएसआर बंद असतानाही वीज सोडतो. पुराव्याला व्हिडिओ होता. पीआयडी बंद, तरी आउटपुटवर लावलेला मीटर २०० व्होल्टच्या वर. बघणाऱ्याला सहज पटेल असा हा पुरावा, पण त्याला अर्थ नाही. एसएसआर बंद असला तरी त्याच्या आतल्या स्नबरमधून (व्होल्टेजच्या झटक्यांपासून जपणाऱ्या सर्किटमधून) काही मिलिअँपिअर गळती होतच असते. लोड न जोडता मोजलं, की मीटर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तिथे १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लोड म्हणून जोडा. एसएसआर चांगला असेल तर बल्बच्या टोकांवर जवळपास शून्य येईल. अशी तक्रार आली की वाद घालत बसू नका, बल्ब लावलेला व्हिडिओ मागा आणि ही मागणी तक्रारीच्या नोंदीतच लेखी टाका.

इथे तसं झालं नाही, परतावा मंजूर झाला. परत आलेलं पार्सल वजनाला तितकंच होतं. दारावरचे पीआयडी समोरून हुबेहूब तेच, पण बाजूच्या लेबलवर एसएसआर आउटपुटऐवजी रिले आउटपुट. हा फरक समोरून कळतच नाही. एसएसआर आउटपुटच्या पीआयडीत आउटपुट चालू झालं की टर्मिनलवर साधारण ८ ते १२ व्होल्ट डीसी मिळतो. रिलेच्या पीआयडीत नुसता कॉन्टॅक्ट मिटतो, व्होल्टेज येत नाही. एसएसआरही बदललेले होते. खालची थर्मल पेस्ट ताजी होती आणि हीट सिंकवरच्या जुन्या ठशाशी जुळत नव्हती. प्रोब नव्हतेच, आणि जाहिरातीत त्यांची संख्या दिलेली नसल्यामुळे त्यावर बोलायला जागाही उरली नाही.

पॅक करण्यापूर्वीचा एक तास सगळ्यात मोलाचा. प्रत्येक पीआयडी बाहेर काढून बाजूच्या लेबलचा फोटो घ्या. प्रत्येक एसएसआर आणि कॉन्टॅक्टर हीट सिंक वा रेलसकट (पार्ट अडकवायच्या पट्टीसकट) बसलेला दिसेल असा फोटो काढा. पार्ट आणि त्याची बैठक यांना छेदून जाणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढा. पार्ट काढून पुन्हा बसवला की ती जुळत नाही. रेघेचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवू नका. प्रोबचे आकडे नोंदवा: पीटी१०० बर्फाच्या पाण्यात १०० ओहम, २५ अंशांना सुमारे ११० ओहम दाखवतो. एलिमेंट सोबत देत असाल तर तेही मोजा. २४० व्होल्टचं ५५०० वॉटचं एलिमेंट साधारण १०.५ ओहम दाखवतं.

जाहिरातीत टक्केवारी लिहू नका. तीन याद्या द्या: जोडून तपासलेलं, जोडलेलं पण न तपासलेलं, न जोडलेलं. प्रत्येक ओळीत मॉडेल आणि नग. पॉवरचं वायरिंग अपुरं असेल तर ‘मेन्सला जोडू नका’ हेही ठळक लिहा. ते जितकं जिवासाठी, तितकंच नंतरच्या वादासाठी.

खरं सांगायचं तर सुटे पार्ट विकणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. भोकं पाडलेली पेटी तोच आराखडा वापरणाऱ्यालाच उपयोगी पडते, आणि न उघडलेल्या पीआयडीवर कुणी सहसा भांडत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. घ्यायला माणूस स्वतः येत असेल तर रोख घ्या. ऑनलाइन पैसे देऊन माल हातात घेऊन गेलेला माणूस नंतर ‘मिळालाच नाही’ म्हणू शकतो आणि तुमच्याकडे कुरिअरची पावती नसते. पेपॅलवर तक्रारीची मुदत १८० दिवसांची असते. व्यवहारात दिलेला पत्ता सोडून दुसरीकडे पाठवायला सांगितलं तर पाठवू नका, विक्रेत्याचं संरक्षण तिथेच जातं. जास्तीचे पैसे पाठवून ‘उरलेले ट्रान्सपोर्टवाल्याला द्या’ म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

प्रत्येक तक्रार खोटी नसते, हेही खरं. वाटेत कॉन्टॅक्टर रेलवरून निसटतो, बाहेर बसवलेल्या हीट सिंकच्या पट्ट्या वाकतात, क्लिपवर टिकलेला पीआयडी आत पडतो. पीआयडी आणि प्रोब काढून वेगळे गुंडाळा, दार आणि पेटी यांच्यात फोम भरा.

परतीचं पार्सल आलं की आधी वजन करा, मग सील दिसत असताना व्हिडिओ सुरू करून तो न थांबवता उघडा. अनेक ठिकाणी पार्सल पोचल्याची नोंद होताच परतावा आपोआप सुटतो, त्यामुळे जाताना-येतानाचे फोटो जोडीने लावून त्याच दिवशी हरकत नोंदवा. बदलून आलेले एसएसआर हरकतीचा निकाल लागेपर्यंत पुरावा म्हणून ठेवा, पण पॅनेलमध्ये लावू नका. ४० अँपिअरचं लेबल लावलेल्या नकली एसएसआरमध्ये बऱ्याचदा कमी क्षमतेचा ट्रायक (प्रत्यक्ष वीज सोडणारा भाग) असतो. ५५०० वॉटच्या एलिमेंटचे २३ अँपिअर त्यातून गेले की तो जळतो, आणि एसएसआर जळतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच जळतो. मग पीआयडी आउटपुट शून्य दाखवत असतानाही एलिमेंट तापत राहतं. निकाल लागल्यावर टर्मिनल तोडून टाका आणि मगच कचऱ्यात द्या, म्हणजे ते पुन्हा विक्रीला येणार नाहीत.