टूसॉनच्या डोंगरात मोसमभर: १५×५६ दुर्बीण, ट्रायपॉड आणि बाकीचं सामान

अमेरिकेतल्या ॲरिझोनात पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला जाणारा माणूस जवळजवळ सगळे पैसे रायफलीवर घालतो. उरले तर कॅमोफ्लाजच्या कपड्यांवर, आणि दुर्बीण घरात पडलेली असेल ती. इथल्या डोंगरांत हा क्रम नेमका उलटा हवा, आणि ज्या वस्तूबद्दल कोणी फारसं बोलत नाही ती म्हणजे ट्रायपॉड, तिला सगळ्यात वर ठेवायला हवं. उन्हाळ्यात सामान जमवलं, पाऊस ओसरल्यावर डोंगर बघून ठेवले, नोव्हेंबरात हरणाचा टॅग, म्हणजे एक हरीण मारायचा परवाना, होता आणि थंडीत कायोटींच्या, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांच्या, मागे फिरलो. एवढं सगळं वापरून झाल्यावर काय टिकलं आणि काय गॅरेजात गेलं ते लिहितोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. आपल्याकडे १९७२च्या कायद्यापासून शिकार बंद आहे. इथे ती राज्याचं गेम अँड फिश खातं चालवतं. हरणाच्या टॅगसाठी जूनच्या सुमारास अर्ज करायचा, लॉटरी निघते, नाव लागलं तर ठरलेल्या भागात, ठरलेल्या दिवसांत एक हरीण. नाव नाही लागलं तर एक बोनस पॉइंट पदरात पडतो, पुढच्या लॉटरीत नाव लागायची शक्यता वाढवणारा. खात्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला की एक पॉइंट कायमचा मिळतो, तेवढ्यासाठी तरी तो करावाच.

माझा टॅग होता कूझचा. व्हाइटटेल हरणाची ही वाळवंटी डोंगरांतली छोटी जात. भरलेला नरसुद्धा पंचेचाळीस किलोच्या आसपास, रंग वाळलेल्या गवताचा आणि दगडाचा. सँटा रिटा, कॅटलिना, हुआचुका, चिरिकाहुआ असे डोंगर इथे सपाट वाळवंटातून एकेकटे वर आलेत. त्यांच्या चार ते सात हजार फुटांच्या पट्ट्यात, ओकची झाडं आणि गवत असलेल्या उतारांवर, कूझ राहतात. खाली सागुआरो निवडुंग आणि मेस्कीटच्या काटेरी झाडांच्या सपाटीवर म्यूल डियर ही दुसरी जात, ती अंगाने बरीच मोठी. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच: पायाखाली खडी आणि वाळका पाचोळा, त्यामुळे चालत चालत हरीण गाठायचं म्हटलं तर ते तुम्हाला अर्ध्या मैलावरून ऐकतं. म्हणून उजाडायच्या आत एका धारेवर जाऊन बसायचं आणि समोरचा डोंगर दुर्बिणीने विंचरून काढायचा. दिवसातले बहुतेक तास हेच काम.

तर दुर्बीण. मी दोन वापरतो. छातीवरच्या हार्नेसमध्ये १०×४२ (दहा पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं), चालताना पटकन बघायला. आणि पाठीवरच्या बॅगेत १५×५६, फक्त ट्रायपॉडवर लावायला. पंधरा पटीची दुर्बीण हातात धरून काही उपयोग नाही, आपल्या नाडीच्या ठोक्याबरोबर डोंगर हलतो. पण तीच खिळल्यासारखी स्थिर केली की मैलभर लांबच्या उतारावरचं गवत वाऱ्याने हलतंय की त्यात काही चरतंय हे कळायला लागतं. पहाटेच्या अंधुक उजेडात जास्त पटीची दुर्बीण आंधळी होते असं मला सांगितलं होतं. ५६ मिलिमीटरच्या भिंगामुळे तसं फारसं होत नाही. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा ठिपका १०×४२मध्ये ४.२ मिलिमीटरचा, यात ३.७चा, फरक जाणवतो तो पहिली काही मिनिटंच.

इथले जुने लोक स्वारोव्स्कीची १५×५६ वापरतात आणि तिच्याबद्दल देवघरातल्या मूर्तीसारखं बोलतात. मी एकाची मागून बघितली. कडेपर्यंत चित्र स्वच्छ, दोन तास बघूनही कपाळ जड होत नाही. किंमत मात्र नव्याला दोन-अडीच हजार डॉलरच्या घरात. माझी मधल्या दर्जाची, वापरलेली, त्याच्या बऱ्याच खाली मिळालेली. कडेला जरा पुसट आहे आणि ऊन समोरून आलं की चित्र पांढरट पडतं. त्यावर उपाय फुकटचा आहे: सकाळी सूर्य पाठीशी राहील अशा धारेवर बसायचं. वजन सव्वा किलोच्या आसपास, चढावर ते खांद्याला कळतं. तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर हीच घेईन.

आता ट्रायपॉड. पहिला घेतला होता तो फोटोग्राफीच्या दुकानातला, ॲल्युमिनियमचा, स्वस्त. बघताना दुर्बीण अगदी किंचित सरकवायची असते, एका झाडाकडून शेजारच्या झाडाकडे. याचं डोकं आधी अडायचं आणि मग एकदम झटका देऊन पुढे पळायचं. मधला पट्टाच बघायचा राहून जायचा, आणि हरीण नेमकं त्या पट्ट्यात असतं. पायांच्या प्लॅस्टिकच्या कड्या वाळूने भरल्या आणि ऑक्टोबरपर्यंत त्यातली एक बंदच होईना. दुसरा कार्बनचा घेतला, वर छोटं फ्लुइड हेड. लोण्यातून सुरी फिरावी तशी दुर्बीण फिरते. तो माझ्या दुर्बिणीच्या जवळजवळ निम्म्या किमतीला पडला आणि त्यातला एक डॉलरही वाया गेला असं वाटत नाही. मधला उंच होणारा दांडा काढून टाका, जमिनीवर बसून बघायचं असतं, त्याची गरज नाही. बॅग खाली हुकाला अडकवली की वाऱ्यातही थरथरत नाही. दुर्बिणीला पुढच्या बाजूला जो स्क्रू असतो तिथे ॲडॅप्टर बसतो, तो धातूचाच घ्या.

बघायचं कसं हे सामानाइतकंच महत्त्वाचं. उजाडताना हरणं उघड्यावर चरतात तेव्हा उतार भराभर बघून घ्यायचा. नऊ-दहानंतर ती सावलीत बसतात, बहुतेक उत्तरेकडच्या उताराला. मग एकेक झाड, एकेक सावली. अख्खं हरीण शोधायचं नाहीच. मला नोव्हेंबरात जो नर दिसला तो आधी एक आडवी रेघ होता. ओकच्या बुंध्यामागे सगळं उभं, फांद्या उभ्या, गवत उभं, आणि त्यात वीतभर आडवं काहीतरी. त्या एका जागेवर दुर्बीण तशीच ठेवून बसलो. बराच वेळ काही नाही. मग त्या रेघेच्या डाव्या टोकाला एक कान माशी झटकावी तसा फिरला, आणि एकदा तो कान दिसल्यावर डोळा, नाकाचं काळं टोक, शिंगाचा एक फाटा, सगळं आपोआप जुळून आलं. दहा पटीच्या दुर्बिणीतून तिथेच पुन्हा बघितलं तर फक्त झाड. ऊन तापल्यावर मात्र पंधरा पटीचा हा फायदाही आटतो, दरीतली हवा थरथरायला लागते आणि सगळं पाण्याखालचं दिसतं.

एवढा वेळ बसायचं म्हणजे बूड सांभाळायला हवं. आपोआप फुगणारी उशी घेऊ नका. इथे जमिनीवर सुई नाही अशी जागा नसते, माझी पहिल्याच आठवड्यात बसली. साध्या बंद फोमच्या चटईचा तुकडा कापून घेतलाय, भोकं पडली तरी त्याला काही होत नाही. हीच गोष्ट पाठीवरच्या नळीवाल्या पाण्याच्या पिशवीची. चोया नावाच्या निवडुंगाचा एक काटा बॅगेच्या कापडातून आत गेला आणि पाणी पाठीवरून घोट्यापर्यंत. आता कडक बाटल्या. दिवसाला चार लिटर धरून चालतो, गाडीत आणखी एक कॅन. वाटेत गुरांसाठी बांधलेली तळी असतात, पण त्यांचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नये, आणि तळ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम टाकायला कायद्याने बंदी आहे. रात्री जनावरं पाण्यावर येतात, त्यांची वाट अडू नये म्हणून.

या चोयाचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून अंगाला चिकटतात. हाताने काढायला गेलात तर हाताला. यावर अख्ख्या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे रुंद दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा: गोळ्याखाली सरकवायचा आणि स्वतःपासून लांब उडवायचा. मागे राहिलेले काटे छोट्या पकडीने. खिशात दोन्ही हवेतच. उतारांवर गुडघ्याखाली एक छोटं घायपात माजलेलं असतं, पानाचं टोक दाभणासारखं, ते नडगीत घुसतं. म्हणून जाड गेटर, नडगीभोवती बांधायची आवरणं. सापासाठीही तेच बरे. राज्यात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत आणि ऑक्टोबरच्या उबदार दुपारी ते चांगले जागे असतात.

बुटांबद्दल एवढंच: मोसम संपायच्या आत तळ सुटला. डोंगरातल्या धारदार खडीपेक्षा उन्हात उभ्या गाडीतल्या उष्णतेने गोंद जातो असं दुरुस्तीवाल्याचं म्हणणं. आता तळ शिवलेले घेतलेत आणि ते गाडीत ठेवत नाही.

रायफलीवर मला विशेष सांगायचं नाही. .२४३, ६.५ क्रीडमोर, .२७०, गोळीच्या या मापांतली कुठलीही रायफल या आकाराच्या हरणाला पुरते. नेमबाजीच्या मैदानावर बसून, गुडघा टेकून, बॅगेवर टेकवून जेवढं अंतर खात्रीने जमतं तेवढंच डोंगरात आपलं. लेझर रेंजफाइंडर लागतोच, दरीपलीकडचं अंतर डोळ्याला नेहमी फसवतं. गोळ्या तांब्याच्या वापरतो. राज्याच्या उत्तरेला कॅलिफोर्निया काँडॉर ही प्रचंड गिधाडं आहेत, मागे टाकलेल्या आतड्यांतलं शिसं खाऊन ते मरतात, आणि तिकडचा टॅग असलेल्यांना खातं बिनशिशाच्या गोळ्या फुकट देतं. दक्षिणेत काँडॉर नाहीत, पण मांस घरात पोरं खातात, शिशाचे कण त्यात कशाला?

ट्रेल कॅमेऱ्याबद्दल, म्हणजे रानात बांधून ठेवला की जनावरांचे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल, बरेच जण विचारतात. शिकारीसाठी त्याचा वापर ॲरिझोनात १ जानेवारी २०२२पासून बंद आहे. पैसे वाचले म्हणा.

मांसाचं इथे घाईचं काम. नोव्हेंबरातही दुपारी पारा पंचवीसच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे मारलेल्या हरणाला टॅग लावला की लगेच कातडं काढून मांस हाडावरून सोडवायचं, सावलीत वाऱ्यावर निववायचं. त्यासाठी जाळीदार कापडी पिशव्या मिळतात, हवा खेळते आणि माश्या लागत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस भरलंत तर गाडीपर्यंत वास सुटेल. गाडीत बर्फाने भरलेला कूलर आधीपासून तयार. घरी आल्यावर: चरबी जवळजवळ नसते, बकऱ्याच्या मटणासारखं भराभर शिजवलं तर वातड होतं. दह्यात रात्रभर, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर. बायकोने पहिल्यांदा नाक मुरडलं होतं, आता फ्रीझरमधलं संपत आलं की तीच विचारते.

कायोटींचा भाग निराळा. त्यांना वर्षभर मोसम, शिकारीचा साधा परवाना पुरतो. जास्तीत जास्त कायोटी मारण्याच्या ज्या स्पर्धा चालायच्या त्या मात्र राज्याने २०१९मध्ये बंद केल्या, ते बरंच झालं. सशाच्या किंचाळण्याचा आवाज काढून त्यांना बोलवायचं. मी रिमोटवाला इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे हे आवाज काढणारं यंत्र, घेतला, आणि सोबत वीसेक डॉलरची तोंडाने फुंकायची पिपाणीही. पिपाणीने येतातच, पण मग कायोटीचे डोळे थेट तुमच्यावर असतात. कॉलर चाळीस-पन्नास पावलं लांब ठेवला की लक्ष तिकडे जातं. रिमोट थंडीत कधीकधी मुका होतो, बॅटरी खिशात गरम ठेवली की बोलतो.

कायोटी सरळ येत नाही. लांबून गोल फिरून वाऱ्याखाली जातो आणि मग वास घेत पुढे सरकतो. म्हणून वाऱ्याखालची बाजू उघडी, नजरेत राहील अशी जागा निवडायची. पंधरा-वीस मिनिटांत नाही आला तर उठून पुढचा नाला. बॉबकॅट या रानमांजरासाठी निदान अर्धा तास, मांजर ते मांजरच, बसत बसत येतं. मी बोलावलेल्यांपैकी बहुतेकांना बघून सोडून देतो. थंडीत कातडं भरलेलं असतं तेव्हा एखादा, बाकी मारून करायचं काय? पण हरणाच्या शिकाऱ्याने हे करावंच. पहाटे थंड हवा दरीत खाली वाहते, ऊन चढलं की उलटी वर चढते, हे वाचून कळतं; कायोटीने तुमचा वास घेऊन जागच्या जागी पाठ फिरवली की ते अंगात मुरतं. खडूच्या पुडीची छोटी बाटली, फुस्स केलं की वारा दिसतो, ती याच काळात माझ्या खिशात आली.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक गोष्ट. एच-१बीसारख्या व्हिसावर बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्याला असलेला एक अपवाद. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला. वकिलाशी बोलून मगच दुकानात जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

वापरलेली दुर्बीण घेणार असाल तर ती ट्रायपॉडवर लावून लांबच्या विजेच्या खांबाकडे निदान दहा मिनिटं बघा. मग डोळे मिटून उघडा: खांब क्षणभर दोन दिसून एक झाला, किंवा डोळ्यांमागे ओढल्यासारखं वाटलं, तर आतली भिंगं किंवा प्रिझम हललेत. विकणारा म्हणेल सवय होते. होत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून सौदा महागात पडतो.