भरावाच्या जमिनीला नाव देताना: डब्ल्यूआरबी की सॉइल टॅक्सॉनॉमी?

भरावाच्या जमिनीचा रिपोर्ट लिहायचाय, वर्गीकरण कुठल्या पद्धतीने करू, असं विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून डब्ल्यूआरबीचं (वर्ल्ड रेफरन्स बेस, जमिनींच्या वर्गीकरणाची आंतरराष्ट्रीय पद्धत) नाव घेतात. कारणही तसं आहे. तिथे अशा जमिनीसाठी ‘टेक्नोसोल’ नावाचा स्वतंत्र गटच आहे, 2006 च्या आवृत्तीपासून. अमेरिकन वर्गीकरण पद्धतीत, म्हणजे सॉइल टॅक्सॉनॉमीत, बारा ऑर्डर (सगळ्यात वरचे वर्ग), पण शहराच्या वाट्याला एकही नाही. डंपरने आणून ओतलेली माती तिथे बहुधा एन्टिसोलमध्ये (थर नीट न घडलेल्या कोवळ्या जमिनींची ऑर्डर) मुकाट जाऊन बसते. मी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या भरावांवर दोन्ही पद्धती वापरल्या आणि माझं मत हळूहळू उलट्या बाजूला गेलं. प्रबंध लिहिणारे आणि लँडस्केपची कामं करणारे, दोघांनाही हा प्रश्न पडतो म्हणून लिहितोय. ऑर्डर, सबग्रुप (ऑर्डरच्या बराच खालचा उपवर्ग), प्रोफाइल (जमिनीचा उभा छेद) हे तुमच्या रोजच्या वापरातलं आहे असं धरतो.

आधी आपला भराव नेमका कसा असतो ते बघू, कारण निवड त्यावरच ठरते. सोसायटीच्या बागेत मीटरभर खड्डा घ्या. वर वीस-तीस सेंटिमीटर लाल माती, बागेच्या ठेकेदाराने ब्रासच्या हिशेबाने आणून पसरलेली. तिच्याखाली रॅबिट: विटांचे अद्धे, प्लास्टरच्या खपल्या, टाइल्सचे तुकडे, वायरची साल, सिमेंटच्या गोणीचा धागा. त्याच्याखाली मुरूम, रोलर फिरवून असा बसवलेला की पहार मारली तर ठण्ण वाजते. आणखी खाली गेलात तर खाडीचा निळसर काळा गाळ लागतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास खड्ड्याच्या काठावरसुद्धा येतो. थरांच्या सीमा सुरीने कापल्यासारख्या सरळ असतात, कारण त्या निसर्गाने नाही, डंपरच्या खेपांनी आखलेल्या असतात. सेंद्रिय कर्बही खोलीबरोबर शहाण्यासारखा कमी होत नाही; मध्येच कुठेतरी वाढलेला सापडतो.

एक सोपी तपासणी मी प्रत्येक खड्ड्यात करतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब भिंतीवर वेगवेगळ्या उंचीवर टाकायचे. कोकणातली लाल माती गप्प राहते, बेसॉल्टचा मुरूमही बहुतेक वेळा गप्पच. रॅबिटच्या थरात मात्र फसफस सुरू होते, कारण तिथे चुना आणि सिमेंट आहे. याच थरामुळे वरच्या झाडांची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि माळी वर्षानुवर्षं युरिया टाकत बसतो. सामू (पीएच) चढलेला असला की लोह मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही, तिथे युरिया काय करणार? गाळाच्या थरात फसफसलं तर आधी शिंपले शोधा, लगेच सिमेंटला दोष देऊ नका.

आणि हे फक्त सोसायट्यांपुरतं नाही. सात बेटांची मुंबई झाली तीच मुळी भरावावर. 1920 च्या दशकात बॅकबेला बंदरातला गाळ ड्रेजरने उपसून भिंतीआड ओतला. वांद्रे-कुर्ला संकुल मिठी नदीच्या दलदलीवर उभं राहिलं. उलव्याची टेकडी कापून नवी मुंबई विमानतळाची जागा उंच केली. ड्रेज केलेला गाळ, पाडकामाचा राडारोडा आणि कापलेली टेकडी हे तीन वेगळे भराव आहेत, आणि पद्धत अशी हवी की तिला हा फरक कळावा.

डब्ल्यूआरबीला तो कळतो, यात वाद नाही. राडारोडा असेल तर अर्बिक, औद्योगिक टाकाऊ माल किंवा खाणीचा उपसा असेल तर स्पोलिक, सेंद्रिय कचरा असेल तर गार्बिक. पेव्हर ब्लॉकखालची जमीन? तिच्यासाठी एक्रॅनिक टेक्नोसोल आहे. वरच्या पाच सेंटिमीटरच्या आत कृत्रिम कठीण थर सुरू होत असेल आणि फटी क्षेत्राच्या पाच टक्क्यांहून कमी असतील, तर तीही जमीनच. अमेरिकन सर्वेक्षणात अशा जागेवर ‘अर्बन लँड’ लिहून पुढे जातात, म्हणजे जमीन म्हणून तिचं नावच नाही. डब्ल्यूआरबीचं मला सगळ्यात आवडतं ते त्यातलं ‘ओव्हर’. पुरेसा जाड भराव असेल तर वरच्या जमिनीचं नाव, मग ‘ओव्हर’, मग खाली गाडलेल्या जमिनीचं. टेक्नोसोल ओव्हर ग्लेसोल (पाणथळ जमीन) एवढं वाचलं की खाली खारफुटीचा गाळ आहे हे वाचणाऱ्याला कळतं. मुंबईत ही माहिती फार मोलाची आहे. तो गंधकवाला गाळ पायासाठी उपसून वर पसरला आणि वाळला, की त्याचं आम्ल होतं.

मग अडलं कुठे? मुरमापाशी.

टेक्नोसोल म्हणायला वरच्या 100 सेंटिमीटरमध्ये कृत्रिम वस्तूंचं प्रमाण, जाडीनुसार भारित सरासरी काढून, आकारमानाने 20 टक्के तरी लागतं. पहिली कटकट सरासरीची. वर 30 सेंटिमीटर स्वच्छ लाल माती, मध्ये 30 सेंटिमीटर रॅबिट, खाली 40 सेंटिमीटर मुरूम असा खड्डा घ्या. रॅबिटमध्ये निम्मे तुकडे दिसले आणि मुरमात पाच टक्के, तर सरासरी येते 17. टेक्नोसोल नाही. तोच रॅबिट कुणाला 60 टक्के वाटला तर सरासरी बरोबर 20 आणि झाला टेक्नोसोल. खड्ड्याच्या भिंतीसमोर उन्हात उभं राहून, टक्क्यांचा अंदाज घ्यायचा तक्ता हातात धरून, 50 आणि 60 मधला फरक डोळ्याने सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. आणि त्या अंदाजावर उपगट नाही, सगळ्यात वरचा गटच बदलतो.

तरी हे चालवून घेतलं असतं. सीमारेषा सगळ्याच पद्धतींत असतात. खरा वैताग पुढे आहे. त्या 40 सेंटिमीटर मुरमाला कृत्रिम वस्तू धरायचं की नाही?

डब्ल्यूआरबीच्या व्याख्येत माणसाने बनवलेल्या वस्तूंबरोबर आणखी एक प्रकार बसतो. जिथे पृष्ठभागावरच्या प्रक्रियांचा प्रभाव पोहोचला नव्हता अशा खोलीतून माणसाने वर काढलेलं आणि जिथे ते सहसा नसतं तिथे टाकलेलं, आजूबाजूपेक्षा वेगळं द्रव्य. आता मुरूम हातात घ्या. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटणारा, बोटांत चुरगळणारा, पिवळट तपकिरी बेसॉल्ट. तो चुरगळतो कारण पाणी आणि हवेने त्याला आधीच कुजवलंय. म्हणजे प्रभाव पोहोचला होता. पण त्याच डंपरमध्ये कापाच्या तळाचा, जेमतेम रंग बदललेला, घणाशिवाय न फुटणारा दगडही असतो, आणि खाडीच्या गाळावर तो अगदी उपरा असतो. एक सहकारी म्हणतो हा सगळा थर कृत्रिम, टेक्नोसोल लिही. दुसरा म्हणतो यातली एकही वस्तू माणसाने बनवलेली नाही, रेगोसोल (फारसे थर न घडलेली सुटी जमीन) लिही आणि पुढे ट्रान्सपोर्टिक, म्हणजे आणून टाकलेली, असं जोड. दोघांकडे तीच पुस्तिका, समोर तीच भिंत, आणि दोघांचंही म्हणणं खोडता येत नाही. वर गंमत म्हणजे फोडलेली खडी व्याख्येच्या उदाहरणांत सरळ नावानिशी आहे. एकाच टेकडीचा दगड क्रशरमधून आला तर वस्तू, पोकलेनच्या बकेटमधून आला तर वाद.

युरोपातल्या शहरांत हा प्रश्न कदाचित एवढा टोचत नसेल. तिथल्या भरावात विटा आणि राखच भरपूर असते असं तिथली प्रोफाइल-वर्णनं वाचून वाटतं. आपल्याकडे भराव म्हणजे आधी मुरूम, मग बाकी सगळं. जो पदार्थ सगळ्यात जास्त, नेमका त्याच्यावरच पद्धत अडखळते.

सॉइल टॅक्सॉनॉमीचा प्रश्नच वेगळा आहे. ती आधी विचारते की हे द्रव्य माणसाने मुद्दाम, यंत्राने किंवा हाताने, या जागेबाहेरून आणून टाकलंय का. वस्तू आहेत की नाहीत हा नंतरचा भाग. मुरूम आणलाय? आणलाय. जाडी 50 सेंटिमीटर किंवा जास्त? मग सबग्रुप ॲन्थ्रोपोर्टिक (माणसाने आणलेली), विषय संपला. विटा, काच, काँक्रीट यांची मोजदाद फॅमिलीच्या, म्हणजे सबग्रुपच्या खालच्या, पातळीवर होते: 35 टक्क्यांच्या वर आर्टिफॅक्टिक, 15 पासून पुढे पॉसिआर्टिफॅक्टिक, शिवाय काँक्रीटसाठी, राखेसाठी, ड्रेज केलेल्या गाळासाठी वेगळे वर्ग. तुमच्या-माझ्या डोळ्यांत दहा टक्क्यांचा फरक पडला तर फॅमिली बदलेल, ॲन्थ्रोपोर्टिक उस्टॉर्थेंट (एन्टिसोलमधलाच एक सबग्रुप) हे नाव जागेवर राहील. रोलरने ठोकून मुळांना वाट न ठेवलेल्या थरासाठी ॲन्थ्रोडेन्सिक असा सबग्रुपही आहे, आणि माझ्या पाहण्यात सोसायटीतली झाडं आडवी होण्यामागे विटांपेक्षा हाच थर जास्त वेळा असतो. पहिल्या जोराच्या पावसात गुलमोहर पडला की त्याची मुळं बघा. ताटासारखी सपाट पसरलेली, लाल मातीच्या जाडीएवढीच.

या तरतुदी जुन्या नाहीत. 1988 साली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय समितीचं काम मुरत मुरत 2014 च्या कीजमध्ये (सॉइल टॅक्सॉनॉमीची वापरायची पुस्तिका) आलं. तुमच्याकडे कॉलेजातली त्याआधीची प्रत असेल तर ती बाजूला ठेवा. चालतं की नाही हे बघायचं असेल तर न्यूयॉर्क शहराचं मृदा सर्वेक्षण पाहा. तिथे पाडकामाच्या भरावाची लाग्वार्डिया, ड्रेज केलेल्या वाळूची बिगॲपल अशा मालिका (सॉइल सीरिज, वर्गीकरणातली सगळ्यात खालची पातळी) ठरवून नकाशावर उतरवल्यात.

आपल्यासाठी आणखी एक सोय आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे नकाशे याच पद्धतीत आहेत. मुरूम ज्या टेकडीवरून आला तिथली मूळ जमीन आणि तुमचा भराव एकाच भाषेत शेजारी मांडता येतात.

तोटे आहेतच. नाव एवढं लांब होतं की क्लायंट पहिल्या ओळीतच पान उलटतो. जमिनीच्या ओलाव्याचा आणि तापमानाचा रेजीम (वर्षभराचा साचा) ठरवावा लागतो; मुंबईत आयसोहायपरथर्मिक (वर्षभर उष्ण, ऋतूंमध्ये फरक थोडा) लिहिताना अडचण येत नाही, पण वर्षभर स्प्रिंकलर चालणाऱ्या लॉनखाली उस्टिक (ओलावा असतो, पण मर्यादित) लिहिताना हात थोडा थबकतो. लिहायचं मात्र तेच, कारण पाणी देणं धरत नाहीत. शुद्ध मुरमात वीट-काच काहीच नसली तर तो आणलेला आहे याचा पुरावाही लागतो. जुनी टोपोशीट, उपग्रहाची मागची चित्रं, खाली गाडलेला गाळ आणि वर एकदम सपाट केलेला भूभाग, यांवर माझं आजवर भागलंय. आणि ‘ओव्हर’सारखी सोय तिथे नाही, ती मला खरंच हवी होती.

तेव्हा ज्याला युरोपातल्या नियतकालिकात लेख द्यायचाय, किंवा ज्याचं काम रस्त्याखालच्या, पेव्हरखालच्या जमिनीचं आहे, त्याने डब्ल्यूआरबीच घ्यावी, मीही घेईन. जुन्या डंपिंग ग्राउंडवरही तीच बरी, तिथे 20 टक्क्यांची चिंता नसते. पण मुरमाचा भराव, वर लाल माती, आणि पुढच्या वर्षी दुसरा कुणी येऊन तोच खड्डा तपासणार असेल, तर मी सॉइल टॅक्सॉनॉमीकडे झुकतो. निदान दोघांचं नाव जुळतं.

प्रबंधाच्या गाइडने डब्ल्यूआरबीचाच आग्रह धरला तर एवढं करा: प्रत्येक थराच्या वर्णनात वीट-काँक्रीट, फोडलेली खडी, कुजलेला मुरूम आणि कठीण दगड यांचे टक्के चार वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि मुरूम धरून नि सोडून अशा दोन्ही सरासऱ्या द्या.