तीस डॉलरची रँकिंग लिस्ट आणि सप्टेंबरात झालेला माझा पोपट

आधीच सांगतो, फॅन्टसी बेसबॉलसाठी प्लेअरची रँकिंग लिस्ट देणाऱ्या त्या ॲपचं नाव घेणार नाही. असली सगळी ॲपं एकाच मातीची असतात आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये, फक्त ऑगस्टच्या शेवटी जे ३० डॉलर गेले त्याचा हिशोब मांडायचाय. २०२४ चा सीझन होता. फॅन्टसी बेसबॉल खेळणारे मराठी लोक किती असतील माहीत नाही, पण न्यू जर्सीत ऑफिसच्या लीगमध्ये अडकलेले दोनचार तरी नक्की असतील, त्यांच्यासाठी लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांना थोडक्यात. आपल्याकडचं क्रिकेटचं फॅन्टसी एका मॅचपुरतं असतं, संध्याकाळी टीम लावली की रात्री निकाल. हे तसं नाही. मार्चमध्ये ड्राफ्ट करायचा, म्हणजे आळीपाळीने प्लेअर निवडायचे, एकाने घेतलेला प्लेअर दुसऱ्याला मिळत नाही, आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत तोच संसार, टीमच्या १६२ मॅचेस. आमची लीग दहा जणांची आणि जुन्या पद्धतीची, म्हणजे रोटो. रोटो हे नाव म्हणे न्यूयॉर्कच्या एका रेस्टॉरंटवरून आलं, ला रोटिसरी फ्रान्सेझ, १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या दोस्तांनी तिथे जेवताजेवता हा उद्योग काढला. दहा कॉलम असतात, पाच बॅटिंगचे आणि पाच पिचिंगचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचे: रन, होमरन (आपल्या सिक्सरसारखा), आरबीआय (आपल्या फटक्यावर आलेले रन), स्टील (पिचरचा डोळा चुकवून पुढचा बेस पळून गाठणं), ॲव्हरेज (हिटचं, म्हणजे फटका मारून बेस गाठण्याचं प्रमाण, .३२२ ला ३२२ म्हणतात), आणि तिकडे विन (जिंकलेल्या मॅचचं श्रेय), सेव्ह (शेवटी येऊन आघाडी टिकवणं), स्ट्राइकआउट (बॅटर तीन स्ट्राइकवर बाद), ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे दिलेले रन, कमी तेवढं चांगलं), व्हिप (दर इनिंगमागे बेसवर जाऊ दिलेले बॅटर). प्रत्येक कॉलममध्ये जो पहिला त्याला दहा पॉइंट, शेवटच्याला एक. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी तक्रार इथूनच निघते.

माझा पहिला पिक रोनाल्ड अकुन्या. २०२३ मध्ये ४१ होमरन आणि ७३ स्टील केलेला माणूस, पहिल्या नंबरवर दुसरं कोण घेणार? २६ मेला पिट्सबर्गमध्ये बेसवर पळताना गुडघा गेला आणि सीझन संपला. स्नेक ड्राफ्टमुळे (दर फेरीत निवडीचा क्रम उलटतो) माझा पुढचा नंबर थेट विसावा होता, तिथे होसे रामिरेझ मिळाला आणि त्याच्या जिवावर मी ऑगस्टच्या अखेरीला तिसऱ्या नंबरवर टिकून होतो. ट्रेडची मुदत संपलेली, जे काही करायचं ते वेव्हरवरून, म्हणजे कुणी न घेतलेल्या उरल्यासुरल्या प्लेअरमधून. तेव्हा ऑफिसातल्या एकाने हे ॲप सुचवलं, "पैसे दे आणि शांत झोप" म्हणाला. पैसे दिले. झोपेचं पुढे सांगतो.

मिळतं काय, तर ३०० प्लेअरची लिस्ट, 'उरलेल्या सीझनसाठी', दर सोमवारी सकाळी अपडेट होऊन मेलवर. दिसायला झकास आहे, हिरवा-पिवळा-लाल असे रंग, प्रत्येक नावापुढे पुढच्या आठवड्याच्या मॅचेस, घरच्या ग्राउंडवर की बाहेर, सगळं. एक मात्र मान्य करायला पाहिजे, आपल्या लीगच्या फुकटच्या पानावर जी रँक दिसते ती एप्रिलपासून काय केलं त्याची असते, पुढे काय करेल त्याची नाही, आणि अर्धे लोक सप्टेंबरातसुद्धा तीच बघत बसतात. जूनमध्ये हाणलेले होमरन ज्याच्या खात्यात जायचे त्याच्या गेलेत, ते काही आता माझ्याकडे येणार नाहीत. एवढा फरक हे ॲप करतं, त्याचे मार्क दिले.

पण लिस्टचा वरचा भाग म्हणजे नुसती शोभा. पहिला शोहेई ओहतानी. बरं मग? कोपराचं ऑपरेशन झाल्यामुळे तो त्या वर्षी पिचिंग करणार नव्हता, नुसता बॅटर, तरी ५४ होमरन आणि ५९ स्टील. १९ सप्टेंबरला मायामीत त्याने जे केलं ते मी ऑफिसातून निघता निघता पार्किंगमध्ये उभा राहून फोनवर बघत होतो, सहा वेळा बॅटिंगला आला आणि सहाही हिट, त्यात तीन होमरन, वर दोन स्टील, दहा आरबीआय, एका संध्याकाळी ५०-५० पार. पन्नास होमरन आणि पन्नास स्टील एकाच सीझनमध्ये, हे आधी कुणीच केलं नव्हतं. पण तो माझ्या टीममध्ये नव्हता ना! लीगमध्ये जो पहिला होता त्याच्याकडे होता, म्हणूनच तर तो पहिला होता. ओहतानी एक नंबर आहे हे सांगायला ३० डॉलर? आमच्या इमारतीचा सिक्युरिटीवालासुद्धा सांगेल.

दोन आणि तीनवर ॲपचं आणि माझं भांडण. त्यांनी ॲरन जजला दुसरा ठेवला होता. मी म्हणतो बॉबी विट. जजचे ५८ होमरन, १४४ आरबीआय, ३२२ चं ॲव्हरेज, अंगावर काटा येतो, मान्य, पण स्टील फक्त दहा. कॅन्सस सिटीचा विट बघा, ३३२ चं ॲव्हरेज, ३२ होमरन, १०९ आरबीआय, १२५ रन आणि वर ३१ स्टील, पाचही कॉलममध्ये हात, आणि शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डिंगची जागा) खेळतो. ज्याला चार कॉलम उचलायचेत त्याने जज घ्यावा, ज्याला पाच त्याने विट. पिचरमध्ये डेट्रॉइटचा स्कूबल वर होता, त्याबद्दल वाद नाही, १८ विन, २२८ स्ट्राइकआउट, ईआरए २.३९. क्रिस सेलसुद्धा जवळजवळ तसाच. सेव्हसाठी क्लीव्हलँडचा क्लासे, ४७ सेव्ह आणि ईआरए ०.६१, एवढा छोटा आकडा आधी टायपो वाटतो. असो, ही सगळी श्रीमंतांची नावं. माझ्यासारख्याला लिस्ट उघडायची असते ती ८० नंबरपासून पुढे, आणि तिथेच गाडं घसरतं.

माझी परिस्थिती अशी होती की स्टीलमध्ये मी पहिला, तोही मोठ्या अंतराने, कारण सिनसिनाटीचा एली दे ला क्रूझ माझ्याकडे. त्याने एकट्याने ६७ स्टील केले. (स्ट्राइकआउट २१८, पूर्ण मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त, पण आमच्या लीगमध्ये बॅटरचे स्ट्राइकआउट मोजत नाहीत, देवाची कृपा.) तर स्टीलचे दहा पॉइंट माझे पक्के. आणखी पन्नास स्टील केले तरी अकरावा पॉइंट कुणी देत नाही. उलट होमरनमध्ये मी, माझ्या वरचा आणि माझ्या खालचा, तिघं इतके चिकटून होतो की एका रात्रीत नंबर बदलायचा.

सोमवारची सकाळ, चहा गार होतोय, मुलीचा डबा भरायचाय, आणि माझ्या फोनवर दोन नावं. व्हिक्टर रोबलेस आणि मायकेल टोग्लिया. रोबलेस म्हणजे वॉशिंग्टनने सोडून दिलेला, सिएटलने उचलला आणि तिथे ३२८ च्या ॲव्हरेजने खेळून ३० स्टील करून बसला, छान गोष्ट आहे, पण होमरन जवळजवळ नाहीत. टोग्लिया कोलोरॅडोचा, ॲव्हरेज बघवत नाही, २१८, पण लागला तर बॉल पार्किंगमध्ये, सीझनमध्ये २५ होमरन. त्यात डेनव्हरचं कूर्स फील्ड, समुद्रसपाटीपासून जवळपास एक मैल उंचावर, हवा विरळ, बॉल लांब जातो. बॉल फार कोरडे पडू नयेत म्हणून ते दमट खोलीत ठेवतात, तरी जायचे ते जातातच. लिस्टमध्ये रोबलेस हिरवा, टोग्लिया पिवळा, मध्ये चांगलं चाळीस नंबरांचं अंतर. डोकं सांगत होतं टोग्लिया. बोटाने हिरवा दाबला. पैसे दिलेत तर ऐकायला नको का, अशी आपली मध्यमवर्गीय बुद्धी.

संध्याकाळी टोग्लिया उचलला गेला. कुणी उचलला? माझ्या वरच्याने.

माझं म्हणणं एवढंच आहे की सप्टेंबरात 'सगळ्यात चांगला प्लेअर' असं काही नसतंच, तुमच्या कॉलमला काय लागतंय तेवढंच असतं, आणि हे ॲप सगळ्यांना एकच लिस्ट वाटतं. माझी लीग कोणती, मी कुठल्या कॉलममध्ये कितवा, हे विचारायची साधी सोयसुद्धा नाही. पिचिंगचंही तेच. आमच्याकडे सीझनला १४०० इनिंग्जची मर्यादा आहे, माझ्या १२०० झालेल्या, ईआरए ३.६०. समजा उरलेल्या २०० इनिंग्ज मी एकदम भारी टाकून घेतल्या, ३.०० च्या, तरी शेवटी आकडा येतो ३.५१. म्हणजे महिनाभर झोप घालवून नऊ शतांश. त्यापेक्षा सेव्हमध्ये चार सेव्ह मिळाले असते तर दोन माणसं मागे पडत होती. पण लिस्टमध्ये छोट्या टीमचे क्लोझर, म्हणजे शेवटी येऊन सेव्ह मिळवणारे पिचर, दोनशेच्या पुढे टाकलेले, कारण 'एकूण किंमत' कमी. अरे पण मला एकूण नकोय, मला चार सेव्ह हवेत! किराणा दुकानात मीठ मागितलं आणि दुकानदार म्हणाला केशर जास्त महाग असतं, घेऊन जा, तसं झालं.

आता चांगलंही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. पुढच्या आठवड्याच्या मॅचेसचा कॉलम खरंच कामाचा. कुठल्या पिचरला आठवड्यात दोन स्टार्ट आहेत, म्हणजे दोनदा मॅच सुरू करायला मिळणार, कोण कमजोर टीमपुढे आहे, हे एका नजरेत कळतं. ह्यूस्टनचा काईल टकर जूनच्या सुरुवातीपासून पायाच्या दुखापतीने बाहेर होता, लीगच्या पानावर त्याची रँक तळाला गेलेली, या लिस्टने त्याला वर ठेवलं आणि मी त्याला टाकून देता देता थांबलो. ६ सप्टेंबरला तो परत आला. हा सल्ला शंभर टक्के बरोबर निघाला.

व्हाइट सॉक्सचा सल्लाही कागदावर बरोबरच होता. शिकागो व्हाइट सॉक्स त्या वर्षी इतके हरत होते की त्यांच्यासमोर कुठलाही पिचर लावा, भलं होईल, हे लीगमधल्या पोरासोरांनाही माहीत. २२ सप्टेंबरला त्यांचा १२० वा पराभव झाला, आणखी एक हरले की आधुनिक काळातला सगळ्यात वाईट रेकॉर्ड. पुढच्या तीन मॅचेस एंजल्सशी. लिस्टने एंजल्सचे पिचर हिरवेगार करून टाकले. मीही गुरुवारसाठी एक उचलला, विन हवाच होता. आणि काय व्हावं? व्हाइट सॉक्सने ओळीने तिन्ही मॅचेस जिंकल्या, गुरुवारची तर ७-० ने. १२१ वा पराभव शुक्रवारी डेट्रॉइटमध्ये झाला, माझा पिचर वापरून संपल्यावर. यात ॲपचा दोष नाही, हे नशीबच आहे, पण ३० डॉलर देऊन नशीब फुटलं की जास्त लागतं.

रविवार, २९ सप्टेंबर, शेवटचा दिवस. सकाळी आकडे काढले तर माझ्या वरच्यापेक्षा मी होमरनमध्ये एकने मागे, आणि एकूण अर्ध्या पॉइंटने. एक होमरन आला की बरोबरी, मग अर्धा पॉइंट माझा वाढणार, अर्धा त्याचा घटणार आणि दुसरा नंबर माझा, म्हणजे एंट्रीचे पैसे परत. रामिरेझ ३९ होमरन आणि ४१ स्टीलवर उभा, एक मारला की त्याचेही ४०-४०. त्याच्या टीमला, क्लीव्हलँडला, त्याला खेळवायचंच होतं. मी दुपारी तीनला टीव्ही लावून बसलो. सांगलीहून बाबांचा फोन, त्यांच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, झोप येत नव्हती म्हणे. "काय करतोयस?" म्हटलं मॅच बघतोय. "कोण खेळतंय?" म्हटलं पाऊस.

क्लीव्हलँडमध्ये पाऊस. ग्राउंडवर ताडपत्री, त्या ताडपत्रीवर पाण्याची डबकी. समोर ह्यूस्टन, दोन्ही टीमचे प्लेऑफचे नंबर आधीच ठरलेले, त्यामुळे मॅच पुढे ढकलायचंही कारण नाही. रद्द. रामिरेझ ३९ वर राहिला तो राहिलाच, ४० डबल्सलाही (थेट दुसरा बेस गाठून देणारे फटके) एकच कमी होता बिचारा. माझ्या वरच्याच्या खात्यात टोग्लियाने सप्टेंबरात टाकलेले होमरन होते, माझ्या खात्यात रोबलेसचे स्टील, ज्यांचा मला छदामाचा उपयोग नव्हता.

पाचपैकी दोन स्टार देतो, एक मॅचेसच्या कॉलमचा आणि एक टकरचा. घ्यायचंच असेल तर ऑगस्टमध्ये नका घेऊ, जूनमध्ये घ्या, तेव्हा सगळेच कॉलम उघडे असतात आणि एकच लिस्ट सगळ्यांना थोडीफार चालते. आणि रिन्यू आपोआप होतं, ते बंद करायचं बटण सेटिंगच्या तिसऱ्या पानावर खाली लपवलंय, शोधून ठेवा.

सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे मेल आला. सीझनमधलं फक्त मेट्स आणि ब्रेव्हजचं लांबलेलं डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन मॅचेस, उरलं होतं. लिस्टमध्ये रामिरेझ चौथा, हिरवा, पुढे टीप: रोज खेळतोय, अजिबात सोडू नका.