'पितळी' म्हणून घेतलेली कॅम्पिंगची शेगडी जस्ताची निघते तेव्हा

दणकट म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅम्पिंगच्या शेगडीत फसवणूक बहुतेक वेळा कुणी पाहत नाही अशा जागी असते: गॅसच्या कॅनवर फिरवून बसवतो त्या तोंडाशी. जाहिरातीत 'पितळी व्हॉल्व्ह' लिहिलेलं असतं, हातात येतं ते जस्ताचं ओतीव काम आणि त्यावर पिवळा मुलामा. जाड पाय, भक्कम जाळी, कडक पेटी बघून शंकाच येत नाही. कॅन चढवता-उतरवता आतले मऊ आटे झिजतात. मग शेगडी घट्ट बसल्यासारखी वाटते आणि गळत राहते. परत करायला गेलं की उत्तर तयार असतं, 'एकदा पेटवलेली घेत नाही.' म्हणून धातू आणि गळती पेटवण्याआधीच तपासा.

चुंबकाचा इथे उपयोग नाही, तो पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही. तोंडाच्या आतल्या कडेवर, आट्यांना धक्का न लावता, सुईने ओरखडा काढा. खाली पिवळंच दिसलं तर पितळ, राखाडी निघालं तर मुलामा. (ॲल्युमिनियम चांगल्या शेगड्यांतही असतं, पण मग ते पितळ म्हणून विकायचं नाही.)

आट्यांच्या कॅनसाठी ईएन ४१७ हे युरोपीय मानक आहे. आट्यांचा व्यास ७/१६ इंच, इंचाला २८ आटे. शेगडी नुसत्या बोटांनी सरळ चढली पाहिजे. शेवटी क्षणभर फुस्स झालं तर चालतं. पुढच्या अर्ध्या फेरीतही आवाज थांबला नाही, तर ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी) बारीक आहे किंवा मधली पिन लांब. बसवल्यावर सांध्याला साबणाचं पाणी लावा. एक बुडबुडा आला तरी काडी ओढू नका.

दुसरी लबाडी वॅटची, म्हणजे आचेच्या ताकदीची. १ किलोवॅटला ताशी ७५ ते ८० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे '३५०० वॅट'ची शेगडी पूर्ण आचेवर ५ मिनिटांत २२-२३ ग्रॅम गॅस खाईल. भरलेला कॅन उघड्यावर, उबदार हवेत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी आणि नंतर तोला. १० ग्रॅमच कमी झाले, तर शेगडी दीड किलोवॅटची आहे, पेटीवर काहीही छापलेलं असो. ५ मिनिटांहून जास्त चालवू नका, कारण गॅस उकळताना कॅन गार पडतो, दाब उतरतो आणि हिशेब चुकतो.

शेगडीबरोबर 'स्वस्तात' मिळणारा कॅन मात्र सगळ्यात घातक. एकदाच वापरायचे कॅन मोठ्या सिलिंडरवरून पुन्हा भरून विकले जातात, आणि त्या गॅसमध्ये ब्युटेनबरोबर प्रोपेनही असतो. २० अंशाला प्रोपेनचा दाब ब्युटेनच्या सुमारे चौपट असतो, आणि फक्त ब्युटेनसाठी केलेला पातळ पत्रा तो झेलायला बनवलेलाच नसतो. टोपण आधी उघडलेलं, आट्यांवर चरे, हलवल्यावर आत द्रव डुचमळल्याचा आवाजच नाही (म्हणजे काठोकाठ भरलेला, उन्हात फुगायला जागा नाही), यातलं एकही दिसलं तर तो घेऊ नका.

तक्रार करायची असेल तर पेटी उघडण्यापासून सलग व्हिडिओ घ्या. ओरखड्याखालचा रंग जवळून दिसू द्या, आणि वजन करताना कॅन व काट्यावरचा आकडा एकाच चौकटीत ठेवा.