टचपॅड नवा, ओरखडा जुनाच

सप्टेंबर म्हणजे आम्हा मुद्रितशोधकांची लगीनघाई. दिवाळी अंकांची पानं येत असतात आणि संपादक सकाळी सातलाच फोन करतात. अशाच एका सकाळी लॅपटॉप उघडला तर कर्सर पडद्याच्या मधोमध चिकटलेला. टचपॅड ठार, कीबोर्ड मात्र ठणठणीत. आदल्या रात्री उबंटूने (विंडोजऐवजी चालणारी ही फुकटची लिनक्स प्रणाली) अपडेट घेतले होते आणि मी मशीन बंद करून झोपले होते, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

लॅपटॉप 2017 चा. विंडोज 11 त्यावर बसत नाही, म्हणून भाच्याने उबंटू 24.04 टाकून दिलं होतं. तो पुण्यात, परीक्षेच्या गडबडीत. मी मुंबईत गिरगावात आणि संगणकांच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड पायी पंधरा मिनिटांवर. गेले.

दुकानदाराने लॅपटॉप उघडून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"ताई, हे लिनक्स कोणी टाकलं? त्यानेच पॅड जळालाय."

आता मला कळतं की हे वाक्य म्हणजे शुद्ध थाप होती. पण तेव्हा मलाच अपराधी वाटलं! ओरिजनल पॅड लावतो, वर विंडोज टाकून देतो, अडतीसशे होतील, संध्याकाळी या. माझ्या फाइली? "सगळं राहील हो." पैसे यूपीआयने दिले. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने '3800' लिहून मिळालं. जुना पॅड मागायचं सुचलं नाही.

संध्याकाळी पॅड चालत होता. फाइली मात्र नव्हत्या. दोन अंकांच्या दुरुस्त्या गेल्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात 'विंडोज ॲक्टिव्हेट करा' अशी फिकट ओळ, म्हणजे तेही फुकटातलंच. आणि रात्री ट्यूबलाइटखाली बसले तेव्हा पॅडच्या डाव्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला. माझ्याच बांगडीने दोन वर्षांपूर्वी पडलेला.

दसऱ्याला भाचा आला. त्याने पेनड्राइव्हवरून उबंटू नुसतं चालवून पाहिलं, इन्स्टॉल न करता. पॅड चालला. मग इन्स्टॉल केलं, तरी चालला. मग सगळे अपडेट घेतले, रीस्टार्ट केलं, आणि 'नवा' पॅड पुन्हा मेला. भाचा हसायलाच लागला. त्याने परत रीस्टार्ट केलं, सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते निवडण्याचा, मेनू आणला, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल, म्हणजे उबंटूचा अपडेटआधीचा गाभा, निवडला. पॅड जिवंत!

लिनक्समध्ये टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलबरोबरच येतो. नव्या कर्नलचं एखाद्या मशीनशी जमलं नाही तर पॅड गप्प होतो, पण उबंटू आधीचा कर्नल ठेवून देतं. विंडोजचा ड्रायव्हर वेगळा, म्हणून ते टाकल्याबरोबर पॅड 'दुरुस्त' झाला. दुकानात पेचकस लागलाच नसावा.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी साधा यूएसबी माउस लावून काम चालू करा आणि फाइलींची कॉपी काढा. फंक्शन कीने चुकून पॅड बंद झालाय का बघा. माझ्या शेजारच्या काकांचा तेवढ्यानेच बंद होता. मग जुना कर्नल किंवा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर पॅड चालला तर तो जळालेला नाही, दुकानदार काहीही म्हणो. जरा जाणकार असाल तर टर्मिनलमधून 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'बस', त्यातल्या 'इनपुट'मधली 'डिव्हायसेस' ही फाइल वाचा. तिथे पॅडचं नावच नसेल, किंवा तो नुसता जेनेरिक माउस म्हणून दिसत असेल, तर मशीनला पॅड नीट ओळखता आलेला नाही. मात्र पॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि सरळ दुरुस्तीला न्या. तिथे घरचे प्रयोग नकोत.

मी परत दुकानात गेले.

"ताई, पॅड सेम कंपनीचाच असतो, सारखाच दिसणार."

"ओरखड्यासकट?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "बिल आहे का?"

बिल त्यानेच दिलं नव्हतं! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे, हे मला घरी आल्यावर कळलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. तिचा क्रमांक, यूपीआयचा स्क्रीनशॉट, कार्डाचा फोटो आणि बांगडीच्या ओरखड्याचे आधीचे-नंतरचे दोन फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. आधीचा फोटो सापडला तो नशिबाने; मांजर कीबोर्डवर झोपलं होतं म्हणून काढलेला.

चौथ्या दिवशी फोन आला. "ताई, दोन हजार पाठवतो, मिटवून टाका." घेतले. माझाच पॅड मला अठराशेला पडला. त्या दोन अंकांच्या दुरुस्त्या पुन्हा करायला तीन रात्री गेल्या, त्या वेगळ्याच.